झाकणं बडवायची वेळ

चीनमधल्या यांगत्सी नदीकाठच्या आपल्या सोसायटीत लानफांग परतली, तेव्हा तिच्या हातातलं पातेल्याचं झाकण न वाजताच परत आलं होतं. कारखान्याच्या धुराने तिच्या लेकीचा खोकला थांबेना; सोसायटीतल्या सगळ्यांनी निषेध म्हणून दहा वाजता कारखान्याच्या फाटकावर झाकणं बडवायचं ठरलं होतं. तिथे चिटपाखरूही नव्हतं.

लिफ्टमधून छ्याओ आजोबा बाहेर आले. त्यांच्याही काखेत झाकण होतं.

"आत्ता निघालात?" ती फणकारली.

"अकराला जमायचंय ना, पोरी?"

तिने मोबाइल दाखवला, त्यांनीही आपला काढला. सोसायटीच्या ग्रुपवरचा मेसेज तोच, पाठवणाराही तोच, फक्त तिच्याकडे दहा आणि त्यांच्याकडे अकरा.

आजोबांनी ग्रुपवर लिहिलं, 'प्रत्येकाला वेगळी वेळ येते आहे. सावध राहा.' लगेच लानफांगचा मोबाइल वाजला. त्या इशाऱ्याच्या जागी आजोबांच्या नावाने आलं होतं, 'गुडघे दुखताहेत. मी येत नाही.'

तिने तळमजल्यावरचं पहिलं दार ठोठावलं, पुन्हा ठोठावलं. आत टीव्हीचा आवाज बंद झाला.

"दार उघडा, बोलायचंय," ती म्हणाली.

"दार कशाला वाजवता?" आतून वैतागलेला आवाज आला. "काय असेल ते ग्रुपवर टाका."