धडधाकट गाव

१९९६ साली शाळेच्या पाहणीसाठी योगिनीनं पळसदेवातली एकशे चाळीस घरं पालथी घातली. मूकबधिर किंवा मतिमंद मूल एकाही घरात निघालं नाही. अशा मुलांसाठी गावात नवा वर्ग मिळत होता, पण उद्यापर्यंत आठ मुलं सापडली नाहीत तर तो दुसऱ्या गावाला जाणार होता.

“आमच्यात न्हाय बाई तसलं कुणी. समदी धडधाकट हायती,” म्हणत बानूबाईंनीही आतलं दार ओढून घेतलं होतं.

सकाळी योगिनी पुन्हा त्यांच्याच दारात उभी राहिली. “मावशी, शेजारीपाजारी कुणी आहे का हो?”

“हाय की! आत या, बसा. च्या टाकते, मग समदं सांगते.”


दुपारपर्यंत सात घरी चहा झाला आणि अकरा मुलं सापडली.