पगाराच्या दिवशी लेखणीबंद

जिल्हा आरोग्य कार्यालयाच्या पगारशाखेतल्या सगळ्यांनी पेनं टेबलावर आडवी ठेवली आणि हाताची घडी घातली. यापुढे सगळ्या जिल्ह्यांचे पगार पुण्याच्या एकाच कार्यालयातून निघणार, इथल्यांनी बिऱ्हाड उचलून तिकडे जायचं, असा हुकूम आला होता. म्हणून युनियनच्या शकूताईंनी नेमका पगाराचा दिवस गाठून लेखणीबंद पुकारला होता. आपण थांबलो की जिल्हा थांबतो, असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं होतं.

“नर्सबाया फोन करकरून साहेबांचं डोकं खातील बघा,” ताई म्हणाल्या.

“मग साहेब स्वतः चहा घेऊन येतील,” तांबोळी हसले. “माझ्यात साखर कमी सांगा.”

दुपार कलली तरी फोन मुकाच. मग तांबोळींचा मोबाइल टुणकन वाजला. पाठोपाठ शेजारचा, पलीकडचा, शेवटी ताईंच्या पर्समधला. पगार जमा झाला होता. नर्सबायांचा झाला होता, शिपायांचा झाला होता, हाताची घडी घालून बसलेल्यांचासुद्धा. सगळा पुण्याहून परस्पर निघाला होता.

साहेबांनी दारातून डोकावलं. “बसा निवांत,” ते मायेनं म्हणाले. “काही अडलेलं नाही.”

संध्याकाळी ताईंनी लेखणीबंद मागे घेतला. पण तसं कळवायचं कुणाला, ते त्यांना सुचेना.