हाताचं माप

सराफाच्या दुकानापुढे भरदुपारी गर्दी जमली होती. दर्शनी काच गुळाच्या पाकासारखी ओघळून पायरीवर थिजली होती आणि उरलेल्या तुकड्यात एक पंजा खोल उमटला होता.

"तापहात्यांचीच टोळी!" कुणीतरी म्हणालं. "हद्दपार केलं तरी येतात मेले." बायकांनी आपापली पोरं जवळ ओढली.

धाकटीच्या लग्नाच्या बांगड्या घ्यायला आलेल्या यमुनाबाई मात्र पुढे सरकल्या. पंजाची करंगळी आत वळलेली होती. थोरल्या लेकीची, शेवंतेची, तशीच होती. आठ वर्षांची असताना ती शाळेच्या खिडकीला टेकली, काच वितळली आणि त्याच संध्याकाळी गावाने तिला बंद गाडीतून हद्दीबाहेर नेलं.

यमुनाबाईंनी आपला हात त्या पंजात ठेवला. काच अजून कोमट होती. हाताभोवती थोडी जागा उरली.

"ओळखीचा आहे का हात, मावशी?" शिपायाने दरडावलं.

"नाही हो, साहेब. केवढा मोठा आहे, तेवढंच बघत होते."

समोरच्या कासाराने धाकटीचा हिरवा चुडा बांधला. मग दरवर्षीसारखा लहान पोरीच्या मापाचा एक जोड न विचारताच काढला. तो कुणासाठी, हे त्याने चौदा वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

"तो नको आता," यमुनाबाई हळूच म्हणाल्या. "माझ्यापेक्षा एक माप मोठा द्या."

शेवंतेच्या हातात काच टिकणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. कासाराने मोठा जोड कागदात जपून गुंडाळला.