तळघरातलं पान

कंपनीच्या अंतर्गत वेबसाइटवर प्रत्येक विभागाच्या पानावर एकच नवा लोगो लावायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं. हिशेब विभागाने तो ताणून पसरट केला होता, भरती विभागाने चक्क गुलाबी. सगळ्यांच्या नाकदुऱ्या काढून तिने ते निस्तरलं. फक्त तळघरातल्या सुट्या भागांच्या विभागाचं पान काही ऐकेना. तिने नवा लोगो लावला, की दुसऱ्या दिवशी तिथे जुनाच हजर. रोज सकाळी फोन करून ती तिथल्या काकांवर डाफरायची. ते निमूट ऐकून घ्यायचे आणि साहेबांची बोलणी मात्र तिला खावी लागायची.

शेवटी वैतागून ती स्वतःच तळघरात उतरली. कपाटांच्या रांगांपलीकडे काका एकटेच बसले होते.

"काका, आज तुमचं पान मी बंदच करून टाकतेय. उद्यापासून तुम्हाला त्यात काही बदलता येणार नाही. एवढा काय जीव अडकलाय त्या जुन्या लोगोत?"

"लोगोत कसला जीव अडकतोय, पोरी," म्हणत त्यांनी तिच्यासाठी खुर्ची पुसली आणि ते पुढे म्हणाले,

"तो बरोबर असला, की दिवसभर इथला फोन वाजतच नाही."