मागच्या दाराची टिंगटिंग

अठरा वर्षं जुन्या गाडीचं मागचं दार घट्ट बंद असलं, तरी ते उघडं असल्याची टिंगटिंग महिनाभर सतत वाजत होती. वैतागून बबनरावांनी गाडी काढणंच सोडलं. "गाडी घेऊन या, पाच मिनिटांचं काम आहे," असं खारी गावातला गाड्यांचा इलेक्ट्रिशियन चंदन म्हणाला होता, पण बबनराव काही उठेनात. शेवटी शनिवारी सकाळी त्यांच्या बायकोने, मालतीबाईंनीच किल्ली उचलली. लायसन्स काढून तीन वर्षं झाली होती, पण शेजारी नवरा बसल्याशिवाय त्यांनी गाडी कधी चालवली नव्हती. रस्ताभर टिंगटिंग इतकी डोक्यात गेली, की रिक्षांना घाबरायचंच राहून गेलं. चंदनने दार लागलं की दबणारं चौकटीतलं बटण तपासलं आणि त्याची वायर काढून टाकली. गाडी एकदम गप्प झाली. "अब दरवाजा हाथ से चेक करना, आंटी. साब किधर हैं?" "घर पे. गाडी मैं लाई." हे बोलताना मालतीबाईंना स्वतःचंच नवल वाटलं. परत निघाल्या तेव्हा त्या शांततेत छातीची धडधड ऐकू येत होती. मोरव्याला घराकडचं वळण आलं. त्या क्षणभर थबकल्या आणि गाडी सरळ पुढे नेली. तासाभराने बबनरावांचा फोन आला. "अगं, अजून दुरुस्त नाही झाली?" "कधीच झाली," उत्तनच्या बाजारात बोंबील निवडत त्या म्हणाल्या. "तुम्ही भात लावून ठेवा, मी मासे घेऊन येतेय."