हेलसिंकीची बातमी

“दहा! एकाला दहा गोल!”

हरिहर सुळ्यांनी वर्तमानपत्र टेबलावर आपटलं. चहाच्या बशा खणखणल्या. सराव आटोपून ठाण्याच्या त्या क्लबाच्या खोलीत सात-आठ जण टेकले होते. सुळे क्लबाचे सेक्रेटरी. ते बोलायला लागले की बाकीच्यांनी ऐकायचं, असा शिरस्ता होता. १९५२चा जुलै. हेलसिंकीच्या ऑलिम्पिकमध्ये पहिल्याच सामन्यात युगोस्लाव्हियानं भारताच्या फुटबॉल टीमला धुऊन काढलं होतं.

काळुराम दाराबाहेरच्या पायरीवर बसून बूट सोडत होता. हा बाळकुमचा आगरी. आठ महिने मिठागरावर, पावसाळ्यात भाताच्या शेतात. पाच वर्षं क्लबाचा लेफ्ट-आउट. आत दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. पण त्याला कुणी कधी बस म्हटलं नव्हतं. त्यानं उजवा बूट ओढला आणि दात आवळले. अंगठ्याचं नख मुळापासून उचकटलं होतं.

हे बूट मार्चपासूनचे. मार्चमध्ये मुंबईला ऑलिम्पिकच्या टीमसाठी निवड चाचणी होती आणि क्लबानं एक नाव कळवायचं होतं. आदल्या पावसाळ्यात काळुरामनं अनवाणी पायांनी एकोणीस गोल मारले होते, त्यामुळे नाव त्याचंच जाणार हे सगळे धरूनच चालले होते. सुळ्यांनी आपल्या पुतण्याचं, उत्तमचं नाव पाठवलं. मग काळुरामच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “वाईट वाटून घेऊ नकोस रे. देशाच्या टीमला बूट लागतात. अनवाणी माणसाला तिथे कुणी उभं करत नाही. तू बुटांची सवय कर. पुढच्या वर्षी तुझंच नाव.”

उत्तम चाचणीत निवडला गेला नाही. पण सुळ्यांचं बोलणं काळुरामला पटलं होतं. तो कल्याण कॅम्पात जाऊन लष्कराचे जुने बूट घेऊन आला. चांभाराकडून तळाला चामड्याच्या पट्ट्या मारून घेतल्या, पुढे चिंध्या कोंबल्या, आणि रोज खेळायला लागला. चेंडू पायाला लागला की कुठे जाणार हे ज्याला न बघता कळायचं, त्याला आता चेंडू लागला की नाही हेच कळेना. चार महिन्यांत एक गोल झाला नाही. भाताच्या आवणीच्या चिखलात पायाच्या जखमा चिघळल्या. “टाका ते खाडीत,” त्याची बायको ठमाबाई म्हणायची. काळुराम आपल्याच पायांना शिव्या घालायचा. कालच सुळ्यांनी त्याला रविवारच्या कल्याणविरुद्धच्या सामन्यातून काढून राखीव खेळाडूंत टाकलं होतं. तेही त्यानं खाली मान घालून ऐकून घेतलं होतं.

“आणि हरतील नाही तर काय!” आत सुळ्यांचा आवाज चढला. “त्या थंडीत, परक्या मुलखात, निम्म्याहून जास्त टीम अनवाणी! जगासमोर नाक कापलं आपलं!”

काळुरामचा हात नाडीवरच थांबला.

“कोन अनवानी, साहेब?”

“आपली टीम रे. देशाची.”

एक पाय उघडा, एका पायात बूट, असा तो आत आला. त्यानं टेबलावरचं वर्तमानपत्र उचललं. चौथीपर्यंत शिकलेला होता. ओळीखाली बोट धरून त्यानं सगळी बातमी वाचली. मग पुन्हा वाचली.

“नवीन काय आहे त्यात?” कोपऱ्यातले म्हातारे अण्णा म्हणाले. ते क्लबाच्या सामन्यांचे रेफरी. “अठ्ठेचाळीसला लंडनलाही आपले बहुतेक अनवाणीच खेळले. फ्रान्सला घाम फोडला होता त्यांनी.”

काळुरामनं वर्तमानपत्र खाली ठेवलं.

“मंग मना का नाय पाठवला?”

सुळे हसल्यासारखं करत म्हणाले, “अरे, मला काय स्वप्न पडलं होतं? मीही आत्ताच वाचतोय.”

“तुमी सांगलं, अनवानी मानसाला उभा करत नाय.”

“तुझ्या भल्यासाठीच सांगितलं! बूट आज ना उद्या लागणारच आहेत सगळ्यांना. आणि नसतं जमलं तुला तिथे. ते विमान, ते काट्याचमच्याचं जेवण... क्लबानं तुला इतकी वर्षं खेळवलं, त्याचं हे?”

“खेळवलं?” काळुरामचा आवाज इतका वर कधी गेला नव्हता. “एकोनीस गोल मी मारले, साहेब! तुमी काय खेळवलं? हरलो असतो तं हरलो असतो. धा खाल्ले असते तं मान खाली घालून घरी आलो असतो. पन तिथं उभा राहून हरलो असतो. तुमी मना हितंच हरवला!”

सुळे ताडकन उठले. “तोंड सांभाळून बोल! मला माहीत नव्हतं म्हणतोय ना!”

“माहीत होतं, काका.”

उत्तम भिंतीला टेकून उभा होता.

“चाचणीला किती तरी जण अनवाणी होते. त्यांतलेच निवडले. घरी आलो त्याच संध्याकाळी मी तुम्हांला सांगितलं. तुम्ही म्हणालात, काळूला यातलं काही बोलू नकोस, पुढच्या वर्षी पुन्हा तुलाच पाठवायचंय.”

सुळे खाली बसले. अण्णांनी चष्मा काढला. एवढं बोलून उत्तमला हलकं वाटलं असावं. त्यानं पुढे होऊन काळुरामचा हात धरला.

काळुरामनं हात सोडवून घेतला.

“माहीत असून रोज या बुटांवर मना पास देत व्हतास तू, उत्तम,” तो म्हणाला. “चार महिने.”