ताईच्या रेकॉर्डची खरखर

जुन्या रेकॉर्ड धुऊन त्यांची खरखर घालवणाऱ्या कारागिराकडे एके सकाळी दोघी बहिणी आल्या. थोरलीने तरुणपणी गायलेली एकुलती एक रेकॉर्ड धाकटीने छातीशी धरली होती.

"गाण्यापेक्षा खरखरच जास्त ऐकू येते हो," थोरली हसत म्हणाली. साठी उलटली तरी तिचा आवाज मधासारखा होता.

कारागिराने खाचांमधून मऊ ब्रश फिरवला, रेकॉर्ड धुतली, वाळवली आणि सुई टेकवली. खरखर निम्म्यावर आली होती.

थोरलीने घसा खाकरला. "जरा पाणी देता?" आवाज घोगरा निघाला.

"अजून एकदा धुवा," धाकटी म्हणाली.

दुसऱ्यांदा धुतल्यावर गाणं जवळजवळ स्वच्छ झालं. थोरली 'वा' म्हणायला गेली, तर शब्दाच्या आधी घशातून बारीक करकर आली. कारागिराने ब्रश खाली ठेवला.

"राहू द्या बाई. यांना बरं वाटत नाहीये."

"जन्मभर घरात हिचंच कौतुक ऐकलंय मी," असं म्हणून धाकटीने स्वतःच ब्रश उचलला. तिने सावकाश, अगदी मायेने रेकॉर्ड धुतली.

या वेळी गाणं लख्ख वाजलं. थोरलीने बहिणीचं मनगट घट्ट धरलं आणि तोंड उघडलं. ओठ 'नको, नको' म्हणत होते. आतून मात्र नुसती खरखर येत होती, आणि रेकॉर्डच्या दर फेऱ्याला एक टिक्.

धाकटीने मनगट सोडवून घेतलं आणि रेकॉर्ड उलटी केली.

"थांब ना ताई, अजून दुसरी बाजू राहिलीये."